जुन्या विनोदाची राखण : जामखेड भाग आणि तमाशातील बतावणी

१. प्रश्नाचे स्वरूप

विनोदाची चर्चा करताना नावीन्य हा त्याचा प्राण होय असे बहुधा गृहीत धरले जाते. एकदा ऐकलेला विनोद पुन्हा ऐकावयास मिळाला की त्यास 'शिळा' म्हणून बाजूस सारण्याची सुशिक्षितांची प्रवृत्ती असते. मराठीत श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी, चिंतामण विनायक जोशी, प्र. के. अत्रे आणि पु. ल. देशपांडे यांच्या विनोदाचा विचार पुष्कळ झालेला आहे. परंतु तो लेखकाच्या नावावर जमा असलेला विनोद आहे. ज्या विनोदास कोणी एक कर्ता नाही, जो पिढ्यान्‌पिढ्या तोच राहूनही प्रतिवर्षी हशा मिळवितो, त्याच्याकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे.

तमाशातील बतावणी हे अशा विनोदाचे मराठीतील सर्वांत मोठे भांडार होय. हे भांडार कोणत्याही ग्रंथात साठविलेले नाही. ते सोंगाड्याच्या स्मरणात असते आणि फडावर उघडले जाते. जुना विनोद पुनःपुन्हा सांगितला जात असतानाही जिवंत कसा राहतो, आणि कोणता विनोद सांगावा व कोणता सांगू नये हे कोण ठरवितो, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात जामखेड भागाच्या अनुषंगाने करावयाचा आहे. हे दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. क्षेत्र

जामखेड हा तालुका पूर्वीच्या अहमदनगर आणि २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, बालाघाटाच्या डोंगररांगांच्या कुशीत वसलेला आहे. एका बाजूस बीड, दुसऱ्या बाजूस धाराशिव आणि दक्षिणेस सोलापूर जिल्ह्यातील करमाळा, असा त्याचा शेजार आहे. १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई ज्या खर्ड्याजवळ झाली ते गाव आणि अहिल्याबाई होळकरांचे जन्मस्थान चोंडी ही दोन्ही याच तालुक्यात आहेत. १९४८ पर्यंत तालुक्याच्या सीमेपलीकडे निजामाचे राज्य होते. म्हणजे या भागातील प्रेक्षक हा दोन राजवटींच्या सीमेवरचा आणि बोलीच्या दृष्टीनेही नगरी व मराठवाडी यांच्या संगमावरचा प्रेक्षक होय. पर्जन्य कमी व बेभरवशाचा असल्याने दुष्काळ येथे नित्याचा आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या कुटुंबांचा हा पट्टा आहे.

तमाशाच्या दोन शाखा प्रसिद्ध आहेत. संगीत बारीत स्त्री-कलावंतांच्या लावणीगायनास व अदाकारीस प्राधान्य असते. तेथे वगनाट्य नसते. जामखेड येथे या शाखेची कला केंद्रे असून त्यांमुळे या गावाचे नाव महाराष्ट्रभर माहीत आहे. दुसरी शाखा ढोलकी फडाची. हे फड दसऱ्यापासून वैशाखापर्यंत गावोगाव फिरतात. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फडांच्या राहुट्या पडतात आणि ठिकठिकाणचे यात्रेकरी तेथे येऊन आपापल्या ग्रामदैवताच्या यात्रेसाठी सुपारी देतात. बतावणी ही मुख्यतः या दुसऱ्या शाखेची मिरास होय. एकाच भागात एक शाखा स्थिर आणि दुसरी फिरती असल्यामुळे येथील रसिकाचा कान दोन्हींनी घडविलेला आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

३. बतावणीचे स्थान

ढोलकी फडाच्या पारंपरिक प्रयोगात प्रथम गण, नंतर गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग असा क्रम असतो. गणात गणेशाचे स्तवन होते. गौळणीत मथुरेच्या बाजारास निघालेल्या गौळणी, त्यांची वाट अडविणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि पुरुषाने स्त्रीवेष घेऊन वठविलेली मावशी ही पात्रे येतात. वगात एखादे सलग कथानक असते. बतावणीस मात्र कथानक नाही. सरदार, म्हणजे फडाचा प्रमुख, आणि सोंगाड्या यांच्यातील तो संवाद असतो. मराठीत 'बतावणी करणे' म्हणजे नसलेली गोष्ट आहे असे भासविणे. हा अर्थ येथे अगदी सार्थ आहे. कारण दोघेही एकमेकांस प्रथमच भेटल्याची आणि विनोद प्रथमच सुचल्याची बतावणी करीत असतात.

नाट्यशास्त्रात पूर्वरंगाचे 'त्रिगत' नावाचे एक अंग सांगितले आहे. त्यात सूत्रधार, पारिपार्श्विक आणि विदूषक यांचे संभाषण असून विदूषक असंबद्ध बोलून हसवितो. त्रिगत व बतावणी यांच्यातील साम्य उघड आहे. त्यावरून बतावणी ही त्रिगताची थेट वंशज ठरत नाही. तथापि मुख्य नाट्य सुरू होण्यापूर्वी एक शहाणा व एक वेडगळ अशी जोडी प्रेक्षकांपुढे उभी करून त्यांचे चित्त सैल करण्याची गरज फार जुनी आहे, एवढे त्यावरून म्हणता येते.

सरदार विचारतो आणि सोंगाड्या उत्तर देतो. सरदाराची भाषा त्यातल्या त्यात नागर, सोंगाड्याची ठेठ गावची. सरदार शब्दाचा रूढ अर्थ धरतो, सोंगाड्या दुसरा धरतो. विनोद सोंगाड्याचा म्हणून ओळखला जात असला, तरी त्याचा अर्धा भार सरदारावर असतो. त्याने प्रश्न योग्य क्षणी, योग्य त्या भोळेपणाने आणि उत्तर ठाऊक असल्याचे न दाखविता विचारला नाही, तर उत्तर कितीही चमकदार असले तरी वाया जाते.

४. चौकट आणि भरण

बतावणीतील विनोदाचे दोन घटक वेगळे करून पाहणे इष्ट आहे. एक त्याची चौकट, म्हणजे प्रश्नोत्तरांची ठरलेली चढण. दुसरे त्याचे भरण, म्हणजे त्या चौकटीत बसविलेली माणसे, गावे, वस्तू आणि प्रसंग. पुढील नमुना कोणा विशिष्ट फडाच्या संहितेतून घेतलेला नसून केवळ रचना स्पष्ट व्हावी म्हणून मांडला आहे. पाटील परगावाहून परततो आणि गड्यास घरची खुशाली विचारतो.

सरदार : काय रे, घरी सगळं ठीक?
सोंगाड्या : समदं झ्याक हाय पाटील. तेवढं आपलं कुत्रं मेलं.
सरदार : कशानं मेलं?
सोंगाड्या : बैल बुजला, त्येच्या पायाखाली गावलं.
सरदार : बैल कशानं बुजला?
सोंगाड्या : गोठ्याला आग लागली न्हवं!
सरदार : अरे, गोठ्याला आग कशी लागली?
सोंगाड्या : वाड्याची ठिणगी उडाली.
सरदार : वाडा पेटला?
सोंगाड्या : थोरल्या आईसायबांच्या उशाचा दिवा कलंडला.
सरदार : आईच्या उशाशी दिवा कशाला?
सोंगाड्या : मेल्या माणसाच्या उशाला दिवा ठेवत्यात का न्हाई, पाटील? बाकी समदं झ्याक हाय.

या चौकटीचा प्रवास पाहण्यासारखा आहे. आर्ने आणि टॉम्प्सन यांच्या लोककथाप्रकारांच्या सूचीत, १९६१ च्या आवृत्तीत, तिला २०४० हा क्रमांक आहे. बाराव्या शतकाच्या प्रारंभी स्पेनमध्ये पेत्रुस आल्फोन्सी याने अरबी परंपरेतील कथा लॅटिनमध्ये संकलित केल्या. त्या संग्रहातील मैमुंदुस नावाचा आळशी दास आपल्या धन्यास याच पद्धतीने कुत्र्याच्या मृत्यूपासून घराच्या राखेपर्यंत नेतो. नऊशे वर्षांपूर्वी लिहिली गेलेली ही चौकट त्या काळीही नवी नसावी. तरीही ती शिळी होत नाही. याचे कारण असे की श्रोत्यास शेवट ठाऊक असला, तरी त्याकडे जाणाऱ्या पायऱ्या या वेळी कोणत्या असतील हे ठाऊक नसते.

पायऱ्या बदलण्याचे हे काम सोंगाड्याचे. दुष्काळी सालात बैल गोठ्यात नसतो, तो चारा छावणीत असतो. तेव्हा साखळी छावणीतून न्यावी लागते. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर मजुरांस सुकडी वाटली जाई. त्या वर्षी खडी फोडून आलेल्या श्रोत्यापुढे सुकडीचा नुसता उल्लेखही पुरेसा होता. आजच्या तरुण श्रोत्यास तोच शब्द समजावून सांगावा लागेल, आणि समजावून सांगितलेला विनोद मरतो. ऊसतोडीहून परतलेल्या प्रेक्षकांपुढे पाटलाच्या जागी मुकादम येतो आणि घराच्या खुशालीऐवजी उचलीचा हिशेब येतो. चौकट तीच, चढण तीच. परंतु हशा त्या वर्षाचा, त्या गावाचा असतो.

आंरी बेर्गसाँ याने १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या हास्यविषयक निबंधात हास्यास समूहाच्या प्रतिसादाची गरज असते, असे प्रतिपादन केले आहे. बतावणीच्या संदर्भात त्यास एक जोड द्यावी लागेल. समूह केवळ हसत नाही, तो ओळखतो. जुना विनोद सुरू होताच प्रेक्षकांत जी चुळबुळ होते ती कंटाळ्याची नसून ओळखीची असते. आपले बोट धरून कुठे नेले जाणार हे ठाऊक असल्याचा तो आनंद होय. म्हणून बतावणीतील विनोदाची कसोटी त्याच्या नावीन्यावर नव्हे, तर भरण किती अचूक बसले यावर होते.

५. निवडीचे तीन दरवाजे

भरण बदलावयाचे म्हणजे निवड आली, आणि निवड आली की अधिकार कोणाचा हा प्रश्न आला. बतावणीतील विनोदास तीन दरवाजांतून जावे लागते.

पहिला दरवाजा फडाचा. सरदार हा संवादातील भागीदार असतोच, शिवाय तो फडाच्या मिळकतीस व सुरक्षिततेस जबाबदार असतो. सुपारी कोणी दिली, यात्रेत मानकरी कोण, गावात दोन तट आहेत काय, याची चौकशी त्यास करावी लागते. एखादा विनोद एका गावी हशा मिळवितो आणि पाच कोसांवरील दुसऱ्या गावी भांडण लावतो. सरदाराने प्रश्नच विचारला नाही म्हणजे सोंगाड्याचे उत्तर आपोआप गळते. बतावणीतील नियमन हे असे प्रश्न न विचारण्याने चालते. त्याची नोंद कोठेच होत नाही.

दुसरा दरवाजा प्रेक्षकांचा. शिट्टी, टाळी, पटका उडविणे आणि दौलतजादा ही त्यांची संमती. शांतता अथवा गलका हा त्यांचा नकार. सोंगाड्या हे तत्क्षणी ओळखतो आणि साखळी लांबवितो किंवा तोडतो. हे नियमन अत्यंत जलद व सूक्ष्म असते. परंतु ते प्रेक्षकांत कोण बसले आहे यावर सर्वस्वी अवलंबून राहते. पारंपरिक फडाच्या प्रेक्षकांत स्त्रिया बहुधा नसत. त्यामुळे मावशीच्या वयाची वा देहाची जी थट्टा गौळणीत व बतावणीत चाले, तिला समोरून हरकत घेणारे कोणी नसे. समूहाचे नियमन समूहाबाहेरच्यास संरक्षण देत नाही, ही त्याची मर्यादा होय.

तिसरा दरवाजा शासनाचा. स्वातंत्र्यप्राप्तीनंतर, बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर असताना, मुंबई राज्यात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारण्याच्या दृष्टीने समिती नेमली गेली. बंदी उठली, परंतु प्रयोगाची संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत रुजली. महाराष्ट्रात हे काम रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे आले.

या तिसऱ्या दरवाजाची अडचण तात्त्विक स्वरूपाची आहे. परिनिरीक्षण कागदाचे होते, आणि बतावणी कागदावर नसते. वगाची संहिता लिहून देता येते. बतावणीची चौकट लिहून दिली तरी भरण त्या रात्री ठरावयाचे असते. शिवाय द्वयर्थी विनोदाचा आक्षेपार्ह अर्थ शब्दात नसतो, तो ऐकणाऱ्याच्या मनात उमटतो. सिग्मंड फ्रॉइड याने १९०५ च्या विनोदविषयक ग्रंथात अशा विनोदास बोलणारा, लक्ष्य आणि ऐकणारा अशी तीन माणसे लागतात, असे दाखविले. परिनिरीक्षकापुढे यांपैकी एकही नसतो. केवळ अक्षरे असतात. परिणामी जे निर्दोष आहे ते कधी कागदावर सदोष दिसते, आणि जे सदोष आहे ते कागदावर निर्दोष दिसून सुटते.

वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या लोकनाट्याने हीच गोष्ट शहरातील रंगमंदिरात सिद्ध केली. त्यास लेखक होता, संहिता होती. तरीही दादा कोंडके यांची प्रयोगागणिक बदलणारी प्रासंगिक भर हे त्याचे मोठे आकर्षण ठरले. प्रेक्षक तेच नाटक पुन्हा पाहावयास येत ते त्यातील बदललेल्या भागासाठी. हरिभाऊ वडगावकर यांच्या 'गाढवाचं लग्न' या वगास दादू इंदुरीकर यांनी जे रूप दिले, तेही सोंगाड्याच्या याच अधिकाराचे फळ होय. १९७३ मध्ये इंदुरीकरांस संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा या अधिकारास एक प्रकारे राष्ट्रीय मान्यता लाभली असे म्हणावयास हरकत नाही.

६. लक्ष्य बदलण्याचे प्रयोग

तमाशाचे कलावंत प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी इत्यादी समाजांतून आले. ज्या गावात दिवसा पाण्यासाठीही तिष्ठावे लागे, त्याच गावात रात्री फडावर उभे राहून पाटलाची, सावकाराची, तलाठ्याची फिरकी घेण्याची मुभा सोंगाड्यास होती. ही मुभा खरी होती. पण ती पहाटेपर्यंतच होती. याचसाठी बतावणीत अनेकदा विनोदाचा शेवट सोंगाड्याच्या स्वतःच्या फजितीत होतो. वरच्यास मारलेला टोला स्वतःवर ओढून घेऊन तो निर्विष केला जातो. या फजितीस केवळ मूर्खपणाचे प्रदर्शन मानणे चूक आहे. तो परतीचा मार्ग मोकळा ठेवण्याचा उपाय असतो.

येथेच निवडीचा प्रश्न सौंदर्याचा न राहता प्रतिष्ठेचा होतो. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाच्या चळवळीतून पुढे जे जलसे निघाले, त्यांनी तमाशाची चौकट घेतली आणि तिच्यातील भरण जाणीवपूर्वक बदलले. कृष्ण-गौळणींच्या शृंगारास फाटा देऊन भटशाही, सावकारी व अंधश्रद्धा यांवर प्रश्नोत्तरे आली. आंबेडकरी जलशांनी याच्याही पुढे जाऊन कलावंताने स्वतःच्या जातीची वा स्वतःची विटंबना करून हशा मिळविणे हेच नाकारले. अण्णा भाऊ साठे यांनी गणात देवाऐवजी मातृभूमी व कष्टकरी यांस वंदन केले, गौळण वगळली; परंतु हजरजबाबी संवाद मात्र राखला. तीन वेगवेगळ्या चळवळींनी तीन वेगवेगळ्या गोष्टी गाळल्या आणि एकच गोष्ट ठेवली, ती म्हणजे बतावणीची चौकट. तिच्या टिकाऊपणाचा यापेक्षा मोठा पुरावा देता येणार नाही. त्याचबरोबर, जुना विनोद गाळणे हाही परंपरेचाच एक व्यवहार आहे, परंपरेवरील आक्रमण नव्हे, हेही यावरून स्पष्ट होते.

७. संग्रहाचा प्रश्न

जुने विनोद लिहून ठेवण्याची हौस जगभर जुनी आहे. 'फिलोगेलोस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकातील मानल्या गेलेल्या ग्रीक संग्रहात सुमारे २६५ विनोद आहेत. त्यांतील पढतमूर्खांच्या कथा आजही कळतात. ज्या नगरांतील लोकांस वेडगळ ठरवून हसविले आहे, त्यांची नावे मात्र आता रिकामी वाटतात. चौकट टिकली, भरण सुकले. संग्रहाने विनोद राखला, पण तो कोणी, कोणापुढे, कोणत्या दिवशी सांगितला हे राखले नाही.

बतावणीच्या बाबतीत हा धोका आज दोन्ही बाजूंनी आहे. एकीकडे फडांच्या कार्यक्रमात चित्रपटगीतांवरील नृत्यांचा वाटा वाढत गेला, आणि गण, गौळण, बतावणी ही अंगे आखडत गेली. दुसरीकडे भ्रमणध्वनीवर घेतलेल्या चित्रफितींचे तुकडे फडाबाहेर दूरवर पोचतात. वरकरणी याने विनोदाचे जतन होते. परंतु त्या तुकड्यास सरदार नसतो आणि समोरचे गाव नसते. जो विनोद सोंगाड्याने एका गावी मुद्दाम सांगितला व दुसऱ्या गावी मुद्दाम टाळला, तो आता दोन्ही गावी सारखाच पोचतो. विनोद उरतो, त्यामागील विवेक उरत नाही. बतावणीच्या परंपरेत मौल्यवान काय असेल तर तो हा विवेक होय. विनोद त्याची केवळ सामग्री आहे.

म्हणून या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने 'मूळ संहिता' शोधण्याच्या भरीस पडू नये. तशी संहिता नाहीच. एकाच फडाची एकच बतावणी निदान तीन गावी ऐकावी आणि तीनही पाठ शेजारी शेजारी लिहावेत. प्रत्येक पाठाबरोबर गाव, तिथी, यात्रेचे निमित्त, प्रेक्षकांची घडण आणि हशा कोठे पिकला व कोठे पिकला नाही, यांची नोंद करावी. सोंगाड्याइतकेच सरदाराच्या प्रश्नांकडे लक्ष द्यावे. काय सांगितले याबरोबर काय सांगितले नाही आणि का, हे कलावंतास विचारावे. या प्रश्नाचे उत्तर ध्वनिफितीत कधीच सापडणार नाही. नोंद प्रसिद्ध करावयाची झाल्यास ती त्याच्या संमतीने व त्याच्या नावाने करावी. निनावी परंपरा राखणारा मनुष्य निनावी नसतो.

जामखेडसारख्या भागात हे काम अधिक निकडीचे आहे. येथील श्रोता सीमेवरचा आहे, त्याची बोली संमिश्र आहे, त्याची वर्षे दुष्काळाने व ऊसतोडीच्या फेऱ्यांनी मोजली गेलेली आहेत. या श्रोत्यासाठी बसविलेले भरण अन्यत्र कोठे सापडणार नाही. ज्या वयस्क कलावंतांस ते बसविता येते त्यांच्याबरोबर ते जाईल. चौकट मागे राहील, कारण ती बाराव्या शतकापासून राहिलेलीच आहे. परंतु पाटलाच्या वाड्याला आग लागली हे ऐकून जामखेडच्या माणसास हसू का आले, हे सांगणारा मात्र कोणी उरणार नाही.